ताईचा उजवा कान

आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, घरात नवीन वस्तू आली की ती वापरायची घाई कधीच नसे. घाई असे ती उघडायची. मागच्या बाजूला 'उघडल्यास वॉरंटी रद्द' अशी चिकटपट्टी दिसली की त्यांना चेवच येई. "वस्तू माझी आणि परवानगी कंपनीची?" असं म्हणत ते नखाने ती पट्टी सोलायला घेत. जे उघडता येत नाही ते आपलं नाही, एवढं एकच तत्त्व या माणसाने आयुष्यभर पाळलं. बाकी चहाची वेळसुद्धा कधी पाळली नाही.

त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. पुढच्या फळीवर ॲम्प्लिफायर, मागच्या फळीवर प्रिंटर आणि मधे जेमतेम एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला आला की गिऱ्हाइकाने मागितलं असो वा नसो, दाजी त्यातलं विकतचं सॉफ्टवेअर पुसून मोफत मिळणारं, मुक्त सॉफ्टवेअर घालून देत. एकदा शिकवणी घेणाऱ्या एक बाई दुसऱ्याच दिवशी परत आल्या. त्यांच्या प्रश्नपत्रिकांमधली सगळी अक्षरं विस्कटली होती. दाजींनी त्यांना तासभर स्वातंत्र्य म्हणजे काय ते समजावलं. बाईंना स्वातंत्र्य नको होतं, प्रश्नपत्रिका हवी होती. त्या पुन्हा त्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत.

मी पडलो काचेच्या दरवाज्याच्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सेल्समन. छातीवर बिल्ला आणि तोंडात पाठ केलेली वाक्यं. दाजी मला 'कंपनी सरकार' म्हणत. मी त्यांना आधी पाठीमागे आणि मग भीड चेपल्यावर तोंडावर 'फुकटराव' म्हणू लागलो.

"फुकट नाही रे, मुक्त," ते म्हणत. "आत काय चाललंय ते बघता येतं, बदलता येतं. तू विकतोस त्या वस्तूत तुझं गिऱ्हाईक नुसतं भाडेकरू असतं. मालक कधीही म्हणेल, उठा."

"आणि तुमचा प्रिंटर? तो तरी तिसऱ्या हाकेला ओ देतो का?"

सुट्टीच्या दिवशी मी ताईकडे जेवायला जाई आणि पानं उचलली की हे सुरू होई. ताई म्हणे, "झाली का शाळा सुरू?" आणि भाजी निवडत आमच्यात बसे. खरं सांगतो, मला त्या वादाची गोडी लागली होती. दोघांनाही आपलंच खरं वाटे आणि हरलं तरी कोणाचं काही जात नव्हतं. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. आमच्याकडे ती तिसरी ताई होती, आणि तिच्या वाट्याला काय आलं ते आता सांगतो.

ताईचा डावा कान लहानपणीच्या तापात गेला होता. सगळं आयुष्य तिने उजव्या कानावर काढलं. रस्त्याने चालताना ती नेहमी बरोबरच्या माणसाच्या डाव्या बाजूने चाले, म्हणजे तो तिच्या उजव्या कानाकडे येई. मला कितीतरी वर्षं ती तिची सवय वाटायची. नोकरी एका मोठ्या इस्पितळात, चौकशीच्या खिडकीवर. काचेला बोटभर रुंदीची भोकं आणि पलीकडे घाबरलेली माणसं. घाबरलेली माणसं हळू बोलतात. ताईला ते काम आवडे. ती म्हणे, "या खिडकीवर येणाऱ्याला फक्त वाट हवी असते रे. मी वाट सांगते, तो निम्मा बरा होतो."

पन्नाशी ओलांडली आणि उजवा कानही उतरू लागला. एका म्हाताऱ्या गृहस्थांना तिने चुकीच्या मजल्यावर पाठवलं. ते धापा टाकत परत आले आणि नुसते काचेपाशी उभे राहिले. त्याचं तिला फार लागलं. आठवड्याभरात अधीक्षिका बाईंनी स्पष्ट सांगितलं, कानाचं मशीन घ्या, नाहीतर तळघरातल्या फायलींच्या खोलीत बदली करावी लागेल. ताई त्या दिवशी घरी येऊन रडली. तिला तळघर नको होतं, तिची खिडकी हवी होती.

मशीन मी आणलं, आमच्याच दुकानातून. शेंगदाण्याएवढं, फोनवरच्या ॲपवर चालणारं, नावाजलेल्या कंपनीचं. दाजी म्हणाले, "खातं उघडल्याशिवाय चालत नाही? कानाला पासवर्ड?" मी म्हणालो, "आधी ऐकू येऊ दे, मग तत्त्वं बघू." श्रवणतज्ज्ञ बाईंनी ताईचा कान तपासून मशीन त्याच्या मापाने लावून दिलं. पहिल्या दिवशी ताई स्वयंपाकघरात उभी राहून नळाचं थेंब थेंब गळणं ऐकत होती. "हा किती दिवसांपासून गळतोय?" तिने विचारलं. दाजी ओशाळले, त्यांनी उठून नळ दुरुस्त केला. मी जिंकलो होतो, आणि ते मी लपवलंही नाही.

पावणेदोन वर्षांनी कंपनीने त्या मॉडेलचं ॲप बंद केलं. तोवर ताईचा कान आणखी थोडा उतरला होता, मशीनचं माप नव्याने लावायला हवं होतं. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, आमच्याकडच्या प्रोग्रॅममधूनही ते मॉडेल काढून टाकलंय, माझ्या हातात काही नाही. मी दुकानात विचारलं. साहेब म्हणाले, नवीन मॉडेल दाखव. आणि मी, सख्खा भाऊ, बहिणीला म्हणालो, "ताई, नवीनच घे."

 दाजी नुसते माझ्याकडे बघून हसले. ते हसणं मला वादापेक्षा जास्त झोंबलं.

मग महिनाभर ते त्या शेंगदाण्याच्या मागे लागले. कुठून तरी एक केबल मिळवली, कोणाकोणा परदेशी माणसांनी मिळून लिहिलेला एक मुक्त प्रोग्रॅम मिळवला, आणि एका सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. पडद्यावर ताईच्या कानाचा आलेख होता. दाजींनी कानाचं माप नीट बघून आवाज वाढवला होता आणि ताईला खरंच स्वच्छ ऐकू येऊ लागलं होतं. एवढं मी आजही मान्य करतो. जे कंपनीने सोडून दिलं ते त्या माणसाने करून दाखवलं.

पण आलेखाच्या वरच्या बाजूला एक आडवी लाल रेघ होती, ती त्यांनी उचलून थेट माथ्यावर नेली होती.

"ही बघ कंपनीची लबाडी," ते म्हणाले. "या रेघेच्या वर आवाज जाऊच द्यायचा नाही. मशीनची ताकद आहे, पण बांधून ठेवलीय. का? तर महागाचं मॉडेल खपावं म्हणून. शाई उरलेली असताना प्रिंटर बंद पाडतात, तेच."

ती रेघ कसली आहे ते मला ठाऊक होतं. आमच्या प्रशिक्षणात एका दुपारी एका बाईंनी सांगितलं होतं. अचानक मोठा आवाज झाला तर मशीनने तो आणखी मोठा करून कानात ओतू नये, म्हणून ती मर्यादा असते. उरलेला कान वाचवण्यासाठी. मी म्हणालो, "दाजी, ती रेघ कामाची असते बहुतेक."

"असं तुला बिल्ला देताना शिकवलं का?" त्यांनी विचारलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला पुढचं सांगता आलं असतं. पुरावा दाखवता आला असता, प्रशिक्षणातल्या त्या बाईंना फोन लावून देता आला असता. मी मिठाची गुळणी धरली. मनात म्हणालो, होऊ दे यांचं एकदा तोंड काळं, मग बघू. तोंड दाजींचं काळं होणार होतं, पण कान ताईचा होता. हा हिशेब माझ्या डोक्यात आलाच नाही असं म्हणायची सोय नाही. तो आला होता, आणि मी तो बाजूला सारला.

दाजींनी ही सगळी कृती इंटरनेटवर, त्यांच्या मुक्तवाल्या मंडळींच्या चर्चेच्या फोरमवर पायरीपायरीने लिहून टाकली. रेघ कशी काढायची तेही. देशोदेशींहून शाबासक्या आल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना गुरुजी म्हणालं.

तीन महिने ताई खिडकीवर खुशीत होती. थोडं डोकं दुखतं म्हणे, संध्याकाळी कानात भरून आल्यासारखं वाटतं म्हणे. मग एका सकाळी इस्पितळात, तिच्या खिडकीपासून दहा पावलांवर, ढकलगाडीवरून दोन ऑक्सिजनचे सिलिंडर फरशीवर पडले. आजूबाजूची माणसं दचकली आणि कामाला लागली. ताईने दोन्ही हातांनी मशीन ओरबाडून काढलं आणि खाली बसली. तिच्या कानात जो आवाज शिरला तो आम्हाला कधीच कळणार नाही.

कानात शिट्टी वाजत राहिली. दोन दिवस, चार दिवस, पंधरा दिवस. श्रवणतज्ज्ञ बाईंनी पुन्हा आलेख काढला, जुना आलेख शेजारी ठेवला आणि आम्हा तिघांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, कान तीन महिने रोज थोडा थोडा भाजत होता, आणि शेवटी हा दणका बसला. गेलेलं परत येणार नाही. मग मशीन हातात घेऊन त्यांनी विचारलं, "मर्यादा कोणी काढली?"

"मी," दाजी म्हणाले. एवढंच. मी त्यांना एका शब्दावर थांबलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ताई तळघरात गेली. तिथे तिला कोणी वाट विचारत नाही. आता तिच्याशी बोलायचं तर समोर बसून, तोंडाकडे बघू देऊन, मोठ्याने आणि सावकाश बोलावं लागतं, आणि नाजूक काही सांगायचं असेल तर वहीत लिहावं लागतं. दाजींनी दुकान उघडं ठेवलं, पण माणूस मिटला. सुट्टीच्या दिवशी मी जाई, आम्ही जेवत असू, पानं उचलली जात, आणि पुढे काहीच होत नसे. ताई आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राही, कोणी बोलतंय का म्हणून.

एकदा दाजी दुकानात गेलेले असताना मी त्यांचा फोरम उघडला. ती कृती तशीच होती. खाली एकोणीस जणांनी लिहिलं होतं की आम्हीही केलं, आभारी आहोत. एकाने सहा वर्षांच्या मुलीच्या मशीनवर केलं होतं. मी तडक दुकानात गेलो.

"दाजी, ते काढा. नुसतं काढू नका, का काढलं ते लिहा."

ते सोल्डरिंगचं टोक पुसत राहिले. "लिहिलं तर तुझे कंपनीवाले नाचतील. बघा म्हणतील, म्हणूनच आम्ही कुलूप घालतो. इतक्या लोकांचं वर्षानुवर्षांचं काम माझ्या एका चुकीने मातीत जाईल." मग म्हणाले, "सगळी कुलुपं चोरांनी घातलेली नसतात, हे मला कळायला हवं होतं. पण हेही खरं की रेघ कसली आहे ते कंपनीने कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिलं असतं तर मी हात लावला नसता."

त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे खूप होतं. मी फक्त फोनवर त्या सहा वर्षांच्या मुलीबद्दलचा मजकूर उघडून त्यांच्यापुढे ठेवला.

पुढच्या सुट्टीला त्यांनी मजकूर तयार ठेवला होता. आधी कागदावर लिहून मग टाइप करायचं ही त्यांची पद्धत. कागद खाडाखोडीने भरला होता. मी वाचला. मर्यादेची रेघ काढू नये, ती कानाच्या रक्षणासाठी असते, माझ्या चुकीच्या सल्ल्यामुळे एका वापरकर्त्याच्या श्रवणशक्तीची कायमची हानी झाली आहे, असं सगळं नीटनेटकं लिहिलं होतं. ताईने माझ्या हातातून कागद घेतला. वाचून झाल्यावर तिने टेबलावरचं पेन उचललं, एक शब्द खोडला आणि कागद दाजींपुढे सरकवला.

"मी वापरकर्ता नाही," ती म्हणाली. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसल्यामुळे ती हल्ली जरा चढ्या सुरात बोलते. "तुमची बायको आहे. तसं लिहा."

दाजींनी तसं टाइप केलं. दोनदा चुकलं. 'माझ्या बायकोच्या' असं लिहून त्यांनी मजकूर पाठवला. दहा मिनिटांत पहिलं उत्तर आलं, कंपनीने किती पैसे दिले? दुसरं आलं, दुःख झालं, पण ही बातमी त्यांच्या हातात कशाला दिलीत? तिसरं त्या सहा वर्षांच्या मुलीच्या बापाचं होतं. त्याने फक्त विचारलं होतं की रेघ परत कुठे ठेवायची. दाजी त्याला उत्तर लिहायला बसले. आकडा चुकू नये म्हणून त्यांनी तज्ज्ञ बाईंना फोन लावला आणि तो पाच वेळा तपासला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

ताई बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली.

"त्यांनी लिहिलं," ती म्हणाली. "तुला नाही काही सांगायचं?"

मशीन विकलं मीच, नवीन घे म्हणालो मीच, असं काही तिच्या मनात असावं. तेवढ्यासाठी माफी मागणं सोपं होतं. पण माझ्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"मला माहीत होतं गं, ताई. ती रेघ कसली आहे ते मला माहीत होतं."

मी ते हळू बोललो होतो, खिडकीवरची माणसं बोलत तसं. ताई पुढे झुकली. तिने उजवा कान माझ्या तोंडाजवळ आणला आणि विचारलं, "काय म्हणालास?"

"काही नाही," मी मोठ्याने, सावकाश म्हणालो.