बीएच-२००, रेव्ह एफ

ती घटना आठवायला मला निमित्त लागत नाही. शेजारच्या घरातून तापल्या तव्याचा वास आला तरी पुरतो.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात मी तपासी अधिकारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा फोन आला. त्यांच्या टूलरूममधला, म्हणजे साचे तयार होतात त्या विभागातला, एक जुना कारागीर कंपनीच्या संगणकावरून रोज परदेशात फाइली पाठवतोय, अशी खबर होती. दुपारपर्यंत लेखी तक्रारही आली. मेल त्याच्या खाजगी खात्यावरून जात होते, त्यामुळे कंपनीच्या नोंदीत फाइलींची फक्त नावं दिसत होती: बीएच-२००-रेव्ह-ए, बीएच-२००-रेव्ह-बी. कारखान्यात ड्रॉइंगला अशीच नावं देतात. आधी भाग, मग माप, मग कितवी सुधारणा ते. मेल जात होते त्याच्या मुलाला आणि मुलगा तिकडे यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला. आता आणखी काय हवं, असं ठाण्यात सगळ्यांनाच वाटलं.

गृहस्थांना सगळे आबा म्हणत. निवृत्ती तोंडावर आलेली, बायको वर्षभरापूर्वी गेलेली, सांगवीत एकटेच राहायचे. मी चौकशीला बसवलं.

"मुलाला काय पाठवता?"

"घरचंच हाय, साहेब."

"घरच्या वस्तूला रिव्हिजन नंबर असतो का हो?"

यावर त्यांनी टेबलावरची पट्टी उचलून काठाशी समांतर ठेवली. चहा दिला तर पिऊन झाल्यावर कप विसळायला उठले. सराईत माणूस ठाण्यात कप विसळत नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

"आबा, बोलला नाहीत तर अटक करावी लागेल. मुलाकडेही चौकशी होईल."

तेव्हा मात्र त्यांनी हात जोडले. "मला आत टाका. पोराला फोन करू नका. नवी नोकरी हाय त्याची. पोलिसांचं नाव निघालं तर काढून टाकतील त्याला."

मेलबॉक्सचा पासवर्ड त्यांनी मुकाट लिहून दिला. झडतीला संमती म्हणून सहीही केली.

सायबर शाखेतून एक महिला हवालदार आल्या होत्या. मी म्हटलं, एक मेल उघडून तर बघू. त्यांनी मला साफ अडवलं. "नाही साहेब. चालू मेलबॉक्सला हात लावला की उद्या वकील म्हणेल, तुम्हीच आत काहीतरी टाकलंत. आधी पूर्ण प्रत घेऊ, काम त्या प्रतीवर."

प्रत घेतल्यावर त्यांनी संगणकाला थेट आज्ञा लिहून द्यायचा काळा पडदा उघडला आणि माउस बाजूला सारला. एकच ओळ टाइप केली. प्रत्येक मेलला जोडलेली फाइल सुटी कर, सारख्या नावाच्या दोन आल्या तर दुसरीपुढे आकडा लाव, सगळ्या एका फोल्डरमध्ये टाक, एवढाच तिचा अर्थ. पडद्यावरून नावं सरसर वर गेली. पाच-पन्नास मेलवर माउसनं टिचक्या मारत बसण्यापेक्षा हे बरं, आणि कोणती फाइल सुटली याची धास्तीही नाही.

मग पंचांसमोर एकेक फाइल उघडली. पहिल्या फोटोत स्टीलच्या ताटात एक करपलेली भाकरी होती. दुसऱ्यात कडा फाटलेली. तिसऱ्यात पुन्हा भाकरीच. एका पंचाला हसू आवरेना.

आणि इतका वेळ तोंडाला कुलूप लावलेले आबा खुर्ची पुढे ओढून बोलायला लागले. "बीएच म्हंजी भाकरी. दोनशे म्हंजी व्यास, मिलिमीटरमदी. ही रेव्ह सी, हिच्यात पाणी गार पडलं. दोष निघंस्तवर रेव्ह तीच ऱ्हाती. बायको गेल्यावर शिकायला लागलो, साहेब. पोराला काळजी असती ना, बाप जेवतो का न्हाई. टूलरूममदी कळलं असतं तर हसले असते."

मलाही हसू येत होतं, पण हवालदारांचा चेहरा पाहून थांबलो. प्रत्येक फोटो फोल्डरमध्ये दोनदा निघत होता. एकदा गेलेल्या मेलमधून, एकदा आलेल्या.

"ती पोच हाय," आबा म्हणाले. "माल गेला की चलनाची एक प्रत सही होऊन परत येती ना, तसं. पोरगा बिझी असतो, लिहायला जमत न्हाई. पण पोच रोज येती."

ती पोच नव्हती. मुलाची मेलपेटी भरलेली होती, म्हणून प्रत्येक मेल फोटोसकट परत आला होता. वर इंग्रजीत तसं लिहिलेलं होतं. कंपनीची तक्रार तिथेच संपली. पण पंचनामा वाचून दाखवल्याशिवाय सही घेता येत नाही, म्हणून ती ओळ मी मराठीत करून वाचली.

आबांनी फोटोवरच्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं. "म्हंजी बघितलंच न्हाई कुनी?"

"आम्ही बघितलं, आबा," हवालदार म्हणाल्या. "एकूण एक."

"मग रेव्ह एफ कशी वाटली?"

"मस्त फुगलीय."

त्यांनी सही केली. मुलाला कळवू का, असं मी विचारलं, तर मान हलवली. "न्हाई. करंल रिकामी पेटी कवातरी." निघताना दारात थांबले आणि माझा मेलचा पत्ता मागितला. मी दिला.

लोक काय लपवतात हे शोधण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. एखाद्याला काही दाखवायचंय आणि बघायला कोणी नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा समजली, आणि फार वाईट वाटलं. त्या पट्ट्यात रोज हजारो माणसं शिफ्ट सुटली की घरी जातात. दार उघडल्यावर कितीजणांना कोणी विचारतं, कोण जाणे.

आता मी तळेगावला राहतो. गेल्या वर्षी पत्नी गेली, डबा लावला होता, पण डब्यातलं घशाखाली उतरेना. आबांचे फोटो अजून येतात. मी "पाहिला" एवढंच कळवत असे. परवा पहिल्यांदा स्वतः भाकरी थापली. उचलतानाच फाटली. फोटो काढला, बीएच-१८०-रेव्ह-ए असं नाव दिलं आणि आबांना पाठवला. मग भांडी तशीच टाकून फोन हातात घेऊन बसलो.

उत्तर आलं. "मिळाला. पाणी उकळतं घ्या, साहेब. रेव्ह बी उद्या बघतो."