एकोणीसची बाकी

बाबांनी डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांना मेंदूचा हलका झटका आला, तेव्हा मी त्यांना बाळकुमला माझ्याकडे आणलं. हातपाय, बोलणं, सगळं सुधारलं. "आवडेल त्यात गुंतवून ठेवा," डॉक्टर म्हणाले, म्हणून मी एक वही आणून दिली.

पहिल्याच पानावर त्यांनी दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा आणि सतरा यांचा गुणाकार केला आणि त्यात एक मिळवला. ५,१०,५११.

"या सातांपैकी कशानेही भागलं तरी बाकी एकच उरणार," ते म्हणाले. "आता बघायचं, ही मूळ संख्या आहे का. एकोणीसपासून सुरुवात. सातशे चौदाच्या पुढे जायला नको, वर्गमूळ तेवढंच आहे."

"मोबाइलवर लगेच कळेल, बाबा."

"अगं, मला करू दे."

रोज चहा झाला की ते एकेका मूळ संख्येने भागत बसायचे. तीन आठवडे गेले. एकदा घोडबंदर रोडला बस अडकलेली असताना मी सहज ती संख्या मोबाइलवर घेतली आणि एकोणीसने भागली. २६,८६९. बाकी शून्य.

घरी येऊन गुपचूप वही उघडली. पहिलाच भागाकार. एकोणीस सक एकशे चौदाच्या जागी त्यांनी एकशे चोवीस लिहिलं होतं. बाकी तेरा. आम्हाला तीसपर्यंतचे पाढे घोकायला लावणारा माणूस.

चार दिवस मी काहीच बोलले नाही. मग ते सातशेच्या पुढे पोचले. "मूळच निघणार बघ. झालं की शाळेतल्या जुन्या सरांना फोन करतो," ते खुशीत म्हणाले. तेव्हा मला गप्प राहवेना.

"बाबा, एकोणीसने परत एकदा करता?"

त्यांनी केलं. या वेळी बाकी आठ आली. त्यांनी दोन्ही भागाकार ओळीओळीने ताडून पाहिले.

"एकाच भागाकाराला दोन बाक्या नसतात," ते हळूच म्हणाले आणि पेन्सिल माझ्याकडे दिली. मी भागाकार पुरा केला. खाली शून्य लिहिलं.

"अजून कशाने भाग जातो?"

"सत्त्याण्णवने. आणि दोनशे सत्त्याहत्तरने." तेही मी मोबाइलवर पाहून ठेवलं होतं.

त्यांनी पानं उलटून ते दोन्ही शोधले. दोन्हीकडे नीट अक्षरात बाकी लिहिलेली होती.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"चार दिवस."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "दुसरी एखादी संख्या घेऊ या."

"तू कर. मी बघतो."

आता मी भागाकार करते आणि ते शेजारी बसतात. प्रत्येक ओळीला विचारतात, "बरोबर आहे ना गं?" मी हो म्हणते. ते खरंच बरोबर आहे का, हे त्यांना कळत नाही, आणि मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.