रिकामी दाखवलेली डिस्क

बुधवारी दुपारी माझी पत्नी वारली. रविवारी जलदानविधी झाला. या दोन दिवसांच्या मधे तिच्या कॉम्प्युटरची डिस्क पुसली गेली.

पहिल्या गोष्टीबद्दल रागवायला मला कुणी सापडत नाही. दुसरीबद्दल सापडतं.

विहारासमोर लावायच्या फ्लेक्सला तिचा फोटो हवा होता. तिचे फोटो तिच्या कॉम्प्युटरमध्ये आहेत, हे तिच्या धाकट्या भावाला ठाऊक होतं. त्याने तो सुरू केला. पडद्यावर ओळखीचं काही दिसेना, वर पासवर्ड मागितला गेला. पासवर्ड मला माहीत होता. मी भिंतीपलीकडे सतरंजीवर बसलो होतो. पण आमच्याकडे ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला काही विचारत नाहीत. मंडप, खुर्च्या, स्वयंपाक, सगळं परस्पर उरकतात. याला माया म्हणतात. त्या मायेने कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला, स्कूटरवर पायांशी ठेवला आणि औरंगपुऱ्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला.

शनिवारी संध्याकाळी मेव्हणा तो घेऊन परत आला.

“दाजी, कॉम्प्युटर नीट करून आणला. ताईनं काय तरी वेगळंच टाकून ठेवलं होतं. आता कुणालाबी चालवता येईल.”

“आणि आतलं?”

“आत काहीच नव्हतं म्हणला दुकानवाला. फोटोबी नाय निघाला. मग माझ्या मोबाईलमधला दिला, लग्नातला.”

भेटायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, “बरं झालं, तेवढंच एक काम उरकलं.”

रविवारी फ्लेक्सवर ती ठळक रंगात हसत होती. तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता, मनगटापासून कापलेला.

ती फुलंब्रीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. सिडकोतून रोज एसटीने जाऊन-येऊन करायची. शाळेत एका खोलीला कुलूप होतं आणि आत जुने कॉम्प्युटर धूळ खात पडले होते. विकतच्या सिस्टीमची नवी आवृत्ती त्यांना पेलत नव्हती. ते भंगारात द्यायचं ठरलं तेव्हा ती कुठून तरी लिनक्सची माहिती काढून आली. ही सिस्टीम कुणालाही फुकट उतरवून घेता येते, वाटता येते, तिचं पोट उघडून पाहता येतं. एका पेनड्राइव्हवर ती मावते.

शाळेतल्या यंत्रांना हात लावण्याआधी तिने प्रयोग घरच्या कॉम्प्युटरवर केला, जेवणाच्या टेबलावर. प्रत्येक पान ती मोठ्याने वाचायची. एका पानावर डिस्क पूर्ण पुसायची की शेजारी जागा करायची, असा प्रश्न आला. तिने माऊसवरचा हात उचलून घेतला.

“अहो, इकडं या. हे वाचा. न वाचता पुढं दाबणारी माणसं इथंच मरतात.”

“तू वाचलंस ना? मग झालं.”

“पुस्तकाची प्रस्तावनासुद्धा सोडत नाही तुम्ही. हे वाचायला काय होतं?”

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. मी ते पान वाचलं. मगच तिने पुढे दाबलं.

महिन्याभरात शाळेतली ती खोली सुरू झाली. घरच्या कॉम्प्युटरवर तिने पडद्यावरचं सगळं मराठीत करून घेतलं. मग संध्याकाळी पंखा बंद करून, खिडक्या लावून, ती विज्ञानाचे पाठ त्यात बोलून रेकॉर्ड करून ठेवू लागली. पुस्तकी भाषेत नाही, तिच्या मुलांच्या भाषेत. “आता बगा, कपडे वाळले. पाणी गेलं कुठं? चोरलं का कुणी?” घामाने ओली व्हायची, पण पंखा लावू द्यायची नाही. काही वर्षं हे चाललं.

मेव्हणा तेव्हाही बोललाच होता. “ताई, फुकटात मिळतं त्यात काय दम असणार?”

“तुझा सल्लाबी फुकटच असतो की,” ती म्हणाली होती.

विधी झाल्यावर मी त्या दुकानात गेलो. दुकानदाराने अदबीने स्टूल पुढे केलं.

“सर, हमारे कॉम्प्युटर को लगाई तो डिस्क खाली दिखा रही थी. फॉरमॅट करना क्या पूछा, मैंने हौ कर दिया.”

“पूछा, तो पढा नहीं?”

“उसमें पढने का क्या है सर? रोज का काम है.”

तो खोटं बोलत नव्हता. नेहमीच्या सिस्टीमला लिनक्सची मांडणी वाचता येत नाही. पण ‘मला वाचता येत नाही’ असं ती म्हणत नाही. डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करा, एवढंच म्हणते. आपल्याला वाचता येत नाही ते रिकामं समजायचं आणि पुसून टाकायचं. अशी माणसं मी आयुष्यभर पाहिली. यंत्रही त्यांच्यासारखंच निघालं.

तिच्या पर्समध्ये एसटीच्या पासाबरोबर तो पेनड्राइव्ह होता. तो लावून मी कॉम्प्युटर सुरू केला. पहिल्याच पानावर दोन वाटा होत्या: सिस्टीम बसवायची, की न बसवता नुसती चालवून पाहायची. मी दोन्ही वाचल्या. दुसरी घेतली, कारण तिच्यात डिस्कला धक्का लागत नाही. हरवलेल्या फायली शोधणारं साधन त्याच सिस्टीमसाठी फुकट मिळतं. ते कसं चालवायचं हे मी पुस्तकासारखं, ओळ न सोडता वाचत गेलो. जे सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवत गेलो. मला वेळ लागला. राग होता म्हणून जमलं. दुःखाने मला नुसतं बसवून ठेवलं असतं.

मधे एकदा मेव्हणा आला. टेबलाशी उभा राहून पडद्याकडे पाहत राहिला.

“दाजी, मी काय मुद्दाम केलं का?”

“नाही.”

“मग बोलत का नाय माझ्याशी? तुम्ही तसे बसले होते तिथं. तुम्हाला विचारायचं तरी कसं?”

“तोंडानं,” मी म्हणालो.

तो चहा न घेता गेला. त्याची बहीण गेली आहे, हे मला कळतं. तरी राग जात नाही. लोक म्हणतात, सोडून द्या, एवढं काय होतं त्यात. काय होतं ते त्यांनी आधी विचारायला हवं होतं.

कॉम्प्युटर अजून तिच्या पेनड्राइव्हवरूनच चालतो. डिस्कवर दुकानदाराने बसवलेली सिस्टीम आहे. त्या डिस्कवर मी काही लिहीत नाही, लिहिलं तर खाली उरलेलंही जाईल. मिळालेल्या फायलींची नावं गेली आहेत आणि बहुतेक उघडत नाहीत. फोटो एकही मिळाला नाही. लोखंड गंजण्याचा पाठ पूर्ण आहे. वाळणाऱ्या कपड्यांचा अर्धा आहे, पाणी कुठं गेलं इथपर्यंत. बाकीचे नाहीत.