न पाहता बरोबर

कमलला छडी मिळाली आणि मला 'बरोबर' मिळालं. दोघींचं उत्तर एकच होतं.

तिसरीचा वर्ग. फळ्यावर भागाकार. आठशे सोळा भागिले आठ. कमलनं पाटीवर बारा लिहिलं होतं, मीही बाराच. गुरुजींनी तिची पाटी हातात घेतली, तिच्या तळहातावर छडी ओढली आणि तिला जवळ घेऊन म्हणाले, "मधलं शून्य कुणी खाल्लं गं? एकात आठ जात नाहीत, मग तिथं शून्य मांडायचं." बोटानं तिचं बारा पुसलं. तिच्याच पेन्सिलीनं एकशे दोन लिहून दिलं. कमल नाक ओढत जागेवर गेली. पण तिच्या पाटीवर आता खरं उत्तर होतं.

मग आमची पाळी. आम्ही म्हणजे खिडकीखालची पोरं. आम्हाला टेबलाशी बोलवत नसत. जागेवरच उभं राहायचं, पाटी डोक्यावर धरायची. मी धरली. गुरुजी तपकिरीची डबी उघडत होते. मान वर न करता म्हणाले, "बरोबर. बस."

मी बसले. बारा तसंच राहिलं.

गुरुजी अचलपूरहून सायकलीनं यायचे. घरात पूजाअर्चा, भिक्षुकी. आदल्या वर्षी आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, त्याच्याही आधी शिवाशिवीविरुद्धचा कायदा आला होता. त्या कायद्यामुळं आम्हाला बाहेरच्या ओट्यावरून उचलून वर्गात घेतलं. पण पाटीला हात लावा असं काही कायद्यात लिहिलेलं नव्हतं. हातात घेतली तर घरी जाऊन आंघोळ. छडी मारावी तर छडी बाटणार. त्यापेक्षा 'बरोबर' म्हणणं सोपं. कुणाची तक्रार नाही, कुणाला त्रास नाही.

मला मात्र दोन वर्षं वाटत होतं की मी फार हुशार आहे. कधी चुकतच नाही. घरी तसंच सांगायची. बाबा परतवाड्याच्या लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचे. त्यांनी वखारीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "आमची पोरगी एक डाव चुकली नाई आजलोक." आई तेवढी भोळी नव्हती. म्हणायची, "एवढी हुशार हाये तं भाकर काहून करपवते मंग?" आम्ही सगळे हसायचो. आता ते हसणं आठवलं की अंगाची लाही होते.

त्या दिवशी घरी जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट. कमलचं बारा चूक, तर माझं बरोबर कसं? लहान होते. मला वाटलं, आपल्या लोकांचं उत्तर वेगळं असेल. जसं पाणी वेगळं, विहीर वेगळी, तसं गणितही वेगळं. खरंच असं वाटलं. ह्या वाटण्याची मला आजही लाज नाही वाटत. लाज ज्यांना वाटायला हवी ते दुसरेच आहेत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भागाकार. मी काही लिहिलंच नाही. पाटी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसली, पाळी आल्यावर उभी राहिले आणि कोरी पाटी डोक्यावर धरली.

"बरोबर. बस."

मी बसले नाही. म्हणाले, "गुरुजी, पाटीवर काईच नाई."

वर्ग हसला. कमलसुद्धा हसली. गुरुजींनी पहिल्यांदा माझ्या पाटीकडे पाहिलं. म्हणाले, "मग बरोबरच आहे. तुमच्याकडून तेवढंच व्हायचं."

त्यांना राग आला नव्हता. रागानं बोलले असते तर मी कदाचित विसरले असते. पाऊस नाही आला तर पीक नाही येणार, इतक्या सहज बोलले. दोन वर्षं पाटी डोक्यावर धरून मी ज्या माणसापुढं उभी होते त्यानं माझ्याबद्दल कधीच ठरवून टाकलं होतं. माझ्या पाटीची त्याला गरजच नव्हती.

मी चालत टेबलापाशी गेले आणि पाटी त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "मले शून्य कुठं द्याचं ते दाखवा."

गुरुजी खुर्चीवरून उठले. पोरांना घेऊन ओट्यावर गेले आणि सुट्टीपर्यंत वर्ग तिथंच घेतला. पाटी टेबलावर पडून राहिली. तिला कुणी हात लावला नाही. शाळा सुटल्यावर मीच ती उचलली.

बाबांना बोलावणं आलं. शाळेच्या अंगणात गुरुजी त्यांना म्हणाले, "पोरगी हुशार आहे तुमची. चौथीत चढवतो. उगाच बोभाटा कशाला?" दीक्षेच्या दिवशी आता कुणापुढं हात जोडायचे नाहीत म्हणून शपथेवर सांगणारे माझे बाबा. त्यांनी हात जोडले.

रस्त्यानं मी म्हटलं, "बाबा, मले भागाकार येत नाई."

"पास तं करून राहिले ना ते."

"पन मले येत नाई."

बाबा थांबले. म्हणाले, "मले तरी कुठं येते? चालूनच राहिलं ना."

निकालाच्या दिवशी चौथीत जाणाऱ्यांची नावं घेतली. ज्याचं नाव येईल त्यानं उठून दुसऱ्या खोलीत जायचं. माझं नाव आलं. मी उठले नाही.

"बहिरी झालीस का?"

"नाई. मले तिसरी आली नाई. मी इथंच बसीन."

बसले. वर्षभर बसले. मला वाटलं होतं, पुन्हा बसले तर शिकवावंच लागेल. कसलं काय. पाटी डोक्यावर धरली तरी गुरुजी आता 'बरोबर'सुद्धा म्हणत नव्हते. वर्ष संपलं तेव्हा बाबा म्हणाले, एका वर्गात दोनदा बसणाऱ्या पोरीला शिकवून काय फायदा? आईबरोबर कापूस वेचायला जाऊ लागले. तिथं मात्र वेचलेलं बोंड न बोंड पाहायला माणूस होता. कचरा राहिला की शिवी मिळायची.

खिडकीखालची बाकीची पोरं 'बरोबर, बरोबर' ऐकत वर चढली. मोठ्या परीक्षेला अचलपूरला गेली. तिथं पेपर तपासणाऱ्याला पेपर कुणाचा ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं तो हातात धरला, वाचला. सगळी आपटली. गाव म्हणालं, यांच्या डोक्यातच नाही. गुरुजींना कुणी काही विचारलं नाही. ते पुढं हेडमास्तर झाले.

मला लोक म्हणतात, चौथीत गेली असतीस तर आज मास्तरीण झाली असतीस. नसते झाले. त्या मोठ्या परीक्षेत मीही आपटले असते, एवढंच.

आता मी अकोल्यात कापसाच्या जिनिंग कारखान्यात काम करते. पोरगी यंदा पहिलीत घातली. आज तिची बेरीज मला पाहता येते. पुढं भागाकार येईल. तिथं तिचं चुकलं तर मला कळणार नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं नाही तर तिलाही कळणार नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात शाळेत गेले. बाईंना म्हटलं, "बाई, इचं चुकलं तं सांगत जा. रागवा लागलं तं रागवा. पन पाह्यल्याबिगर बरोबर म्हनू नका."

बाई खिडकीबाहेर कुणालातरी हात करत होत्या. म्हणाल्या, "हो हो, बरोबर आहे तुमचं."

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. तिसऱ्या दिवशीही. मुकादम म्हणतो, खाडे केलेस तर कामावरून काढीन. काढ म्हणावं. बाई माझ्या पोरीची पाटी हातात घेऊन तिची चूक तिला दाखवत नाहीत तोवर मी त्या दारात उभी राहणार आहे.