ओळखलं का मला?

आजाऱ्याला बघायला येणाऱ्यांना आपल्याकडे एक वाईट खोड. चपला काढायच्या आत विचारणार, "काय, ओळखलं का मला? सांग बरं मी कोण!" अरे, माणूस डोक्यावर आपटून मरता मरता वाचलाय, त्याची तोंडी परीक्षा कसली घेता?

आमचे हे चाकणला एका कंपनीत प्रेस मशीनवर होते. कामावरून येताना कासारवाडीजवळ गाडी घसरली आणि डोकं दुभाजकावर आदळलं. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. ऑपरेशन झालं, शुद्धीवर आले, हळूहळू चालायलाही लागले. केस वाढले तशी टाक्यांची खूण झाकली गेली. रहाटणीतली आमची अख्खी गल्ली म्हणायला लागली, "देवाची कृपा हो, अगदी पहिल्यासारखे झाले!"

पहिल्यासारखे डोंबल! आंघोळ करून आलेला माणूस पुन्हा टॉवेल घेऊन आंघोळीला निघायचा. गॅस पेटवायचा आणि रिकामं भांडं हातात धरून नुसता उभा. चिंचवडच्या पुनर्वसन केंद्रात मी यांना न्यायचे. तिथल्या थेरपिस्ट बाईंनी बजावलं होतं, कोणी प्रश्न विचारू नका, आल्या आल्या आपलं नाव सांगा. पण ऐकतो कोण! परीक्षा देऊन देऊन हे पक्के तयार झाले. कोणीही आलं की तोंडभर हसायचे, "ओळखलं की राव! या, बसा." आलेला खूश. प्रत्यक्षात यांनी कोणाला ओळखलेलं नसायचं. ते फक्त मला कळायचं.

एका रविवारी सकाळी कंपनीतले दोघं आले, सुपरवायझर आणि शेजारच्या मशीनवरचा यांचा जोडीदार. यांनी झकास हसून "ओळखलं की!" केलं. मी सगळ्यांना पोहे दिले. खाता खाता सुपरवायझर म्हणाले, "वहिनी, भाऊ एकदम ठणठणीत दिसतायत. एक तारखेपासून पाठवा. जुन्याच मशीनवर घेतो, नाहीतर ती जागा भरतील." सासूबाईंनी लगेच देवापुढे साखर ठेवली. हे ताठ बसले होते. अपघातानंतर यांना असं बसलेलं मी पाहिलंच नव्हतं, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

पण डोळ्यांपुढून ते मशीन हलेना. हाताने पत्रा आत ठेवायचा, हात बाहेर काढायचा, मगच पेडलवर पाय. आंघोळ झाली की नाही हे ज्याला आठवत नाही, त्याला हात बाहेर काढला की नाही ते आठवेल?

मी रिकाम्या ताटल्या आत ठेवून आले आणि म्हटलं, "साहेब, तुमच्यासोबत कोण आलंय ते यांना विचारा. नाव विचारा."

"आपलाच माणूस की!" हे हसले.

"नाव काय माझं, भावा?" जोडीदाराने हळूच विचारलं.

यांचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं.

"आणि पोहे कसे झाले होते, तेही विचारा," मी म्हटलं.

"पोहे?" हे माझ्याकडे बघून म्हणाले. "हिने अजून दिलेत कुठे?"

जोडीदाराने डोळे पुसले. सुपरवायझर "येतो वहिनी" म्हणून उठले. दार लागल्यावर सासूबाई कडाडल्या, "स्वतःच्या नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडलीस गं!" हे भिंतीकडे तोंड करून बसले. मला रडू फुटलं, तरी मी केलं ते बरोबरच होतं. आजही तेच म्हणेन.

ती जागा दुसऱ्याला गेली.

दोन दिवसांनी केंद्रात गेलो. हे तो रविवार पार विसरले होते. घरी कोण आलं, काय झालं, काही म्हणजे काही नाही. सुटले बिचारे, असं मी मनात म्हटलं आणि नेहमीसारखी यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. बाईंनी चित्रांची कार्डं मांडली. यांनी एकाही कार्डाला हात लावला नाही.

"बाई, हिला बाहेर बसवा."

"का हो? काय झालं?"

यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बराच वेळ, अगदी मनापासून आठवायचा प्रयत्न केला.

"आठवत नाही," हे म्हणाले. "पण हिला बाहेर बसवा."

अजूनही मी बाहेरच्या बाकावरच बसते.