आठवा लागायच्या आत

एरंडोलकडच्या त्या वाडीत दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मागे भांडी, कोंबड्या आणि पोरं. शाळा गेली उडत! ताईबाईला हे बघवेना. पोरांच्या शाळेसाठी झटणाऱ्या संस्थेची गावकार्यकर्ती ती, नवरा वारलेला, जिभेला धार. भर सभेत मुकादमाच्या तोंडावर तिनं छाती ठोकली, "यंदा एक पोर फडावर जाणार नाही. मी बसलेय इथं!"

लोकांनी ऐकलं, हीच पंचाईत झाली. गाड्या गेल्या आणि सगळी पोरं ताईबाईच्या ओट्यावर आली. संस्थेनं कबूल केलेली स्वयंपाकीण काही उगवली नाही.

अन् आता जामनेरहून विहिणीचा फोन. पुनमचं पहिलं बाळंतपण. ते माहेरीच व्हायचं, आणि माहेर म्हणजे एकटी ताईबाई. "उद्या न्यायला या. परवा आठवा महिना लागतो. मग आम्ही सुनेला गाडीत बसू देणार नाही."

ताईबाईनं शेजारच्या लताबाईला गाठलं. "एक दिवस पोरं दख ना, बाई."

"फडवर गयेल वनानी पोरना आंगमा ताप शे, अक्का. काई व्हयनं तर वनाले कोन तोंड दावी?" लताबाईनं सूप आपटलं. "सभामा मले इचारं व्हतं का तुम्ही?"

"नही इचारं!" ताईबाई फणकारली. "नाक मन्हं शे, कापाई जाई ते मन्हंच."

तरी सकाळी तिनं भाकऱ्या थापून झाकल्या, ठेवणीतलं पातळ नेसलं, मोठ्या पोरींना दटावलं आणि फाट्यावर जाऊन उभी राहिली. पाठोपाठ सगळी पलटण. वनाची पोरगी एका मोठ्या पोरीच्या कडेवर, मान टाकलेली.

एसटी थांबली. कंडक्टर हसला, "काय अक्का, बठ्ठं गाव लई चालन्यात का?"

ताईबाईनं दांडीला एक हात घातला, दुसरा पोरीच्या कपाळाला लावला. चटका बसला.

"जाय भाऊ तू," ती म्हणाली.

धूळ खाली बसायच्या आत पुनमचा फोन आला. "माय, निंघनी का?"

"पोर तपेल शे माय. दवाखानामा लई जानं पडी."

पुनमनं विचारलं, "कोनी पोर?"

"वनानी," ताईबाई म्हणाली. तिकडे विहिणीचा आवाज ऐकू आला, "सोड पिशवी. ठेव कपडे कपाटात."

ताईबाईनं पोरगी खांद्यावर घेतली आणि दवाखान्याची वाट धरली. बाकीची पोरं तिच्यामागे निघाली.