कोरी जर्सी

त्या आठवड्यात आमची ही दोन घास नीट जेवली असेल तर शपथ. ताटावरून उठायची, बाल्कनीत जायची, समोरच्या मैदानाचे दिव्यांचे खांब बघून परत यायची.

"अगं, खांब काय पळून जाणारेत?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," म्हणायची आणि पुन्हा उठायची.

मला खरंच फारसं कळत नाही. जन्मभर बस चालवली, आता गुडघे घेऊन घरी बसलोय. ही मात्र बायकांच्या फुटबॉल क्लबात कपडे सांभाळते. जर्सी, चड्ड्या, मोजे धुवायचे, वाळवायचे, सामन्याच्या दिवशी प्रत्येकीच्या खुंटीला लावायचे. तिथल्या पोरी पगारी खेळाडू आहेत, खेळावरच पोट आहे त्यांचं. पण हिच्या लेखी सगळ्या लेकी. आम्हाला मूल झालं नाही. त्याचं हिला किती लागलं ते ती बोलली नाही कधी, पण त्या पोरी "मावशी" म्हणून गळ्यात पडायला लागल्या आणि घरातली हिची चिडचिड कमी झाली, एवढं मी पाहिलंय.

तर झालं होतं असं, की वर्षभर हरत हरत क्लब लीगमध्ये तळापासून दुसरा आला होता. जो शेवटचा, तो खालच्या लीगमध्ये. आणि मालकाने तोंडावर सांगून टाकलं होतं, खाली गेलात तर क्लबाला टाळं. शेवटचा सामना आमच्या मैदानावर, तोही नेमका त्या तळाच्या क्लबाशी. बरोबरी झाली तरी आम्ही तरलो. हरलो की संपलं.

हिच्या पायाला नुसती भिंगरी. धुतलेलं पुन्हा धुवायची, इस्त्री केलेलं पुन्हा इस्त्री. पेटीत एक कोरी जर्सी असते, पाठीवर नंबर नसलेली. कुणाच्या कपड्याला रक्त लागलं तर रेफरी तसं खेळू देत नाही, तेव्हा ती घालायची. अशा दोन होत्या. एक मधेच आलेल्या नव्या पोरीला नंबर चिकटवून दिली, उरली एक. त्या एकीच्या गळ्याला जुन्या रक्ताचा पिवळट डाग होता. कुणाला दिसत नव्हता. हिला दिसायचा.

सामन्याच्या सकाळी ती जर्सी घरी आणून हिने मोरीत घासली आणि बाल्कनीत वाळत घातली.

"आजच नडलं होतं का?" मी म्हटलं.

"डाग बघून कसंतरी होतं हो. वाळेल तासाभरात."

मग ही मैदानावर जाऊन पेटी लावून आली, घरी येऊन चहा टाकला, तो तसाच ठेवून पुन्हा पेटी बघायला गेली. मोजे आहेत, पट्ट्या आहेत, मोजे आहेत. इतक्यांदा तपासलं की काय तपासलं याचंच भान राहिलं नाही.

मी टीव्हीसमोर बसलो. आमच्याकडे एक गंमत आहे. मैदान शेजारीच, त्यामुळे ओरडा बाल्कनीतून आधी येतो आणि टीव्हीवर ते नंतर दिसतं. एक-एक बरोबरी होती. थोडाच वेळ उरला होता. बाल्कनीतून "आई गं!" असा कल्ला आला. मग टीव्हीवर दिसलं. आमची बचावाची पोर, जिला सगळे भिंत म्हणतात, तिच्या नाकावर समोरचीचं डोकं आदळलं होतं. छातीभर रक्त. रेफरीने तिला जर्सी बदलायला बाहेर काढलं; बदली पोरी तर आधीच वापरून झाल्या होत्या.

कॅमेरा कडेला वळला आणि मला ही दिसली. पेटीत कंबरेपर्यंत वाकून कपडे बाहेर फेकत होती. मोजे, पट्ट्या, मोजे. मग सरळ झाली आणि तशीच उभी राहिली. तो चेहरा मी इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता.

माझ्या मागे दोरीवर चिमट्यांना ती जर्सी फडफडत होती.

मी काही विचार केला नाही. जर्सी ओढली, एक चिमटा तिच्यासकट आला, आणि जिना उतरलो. गुडघे बोलायला लागले. म्हटलं, बाबांनो, नंतर बोला. पायात चपला कुणाच्या होत्या देव जाणे. गेटवर वॉचमनने हात आडवा केला, "काका, तिकीट?"

"अरे मेल्या, ही जर्सी बघ की! सोड मला!"

तो बघतोय तोवर आत एका कोपऱ्यातून मूठभर माणसं ओरडली. समोरच्या क्लबाची होती ती. बाकीचं सगळं मैदान गप्प झालं. फुटबॉल न कळणाऱ्या माणसालाही ती शांतता कळते.

वॉचमनने गेट उघडलं, पण आता घाई कशाला होती? मी कडेकडेने चालत गेलो तेव्हा शेवटची शिट्टी वाजत होती. पोरी गवतावर जागच्या जागी बसलेल्या. नंतर कळलं, हिने गार पाण्याची बाटली ओतून ती रक्ताची जर्सी पोरीच्या अंगावरच चोळली होती, रेफरीने दोनदा बघून नकाराची मान हलवली, आणि भिंतीची जागा रिकामी असताना तिथूनच गोल गेला.

ही गुडघ्यांवर बसून पेटी आवरत होती. शेजारी ती पोर, नाकात कापूस, ओल्याकच्च अंगाने थरथरत. मी हातातलं पुढे केलं.

हिने माझ्याकडे पाहिलं. "वाळली का?"

"वाळलीय," मी म्हटलं.

हिने गळ्याशी हात फिरवला, मग काखेत. "कुठे वाळलीय. काखेत ओली आहे." चिमटा काढून स्वतःच्या पदराला लावला. मग पोरीकडे वळली. "ती काढ, घाल ही. गारठशील."

पोरीने हात वर केले, आणि हिने लहान लेकराला घालावी तशी तिला ती घातली. सगळ्या पोरी मैदानाला शेवटची फेरी मारायला उठल्या होत्या. ती पोरही त्यांच्यात गेली. पाठमोऱ्या सगळ्यांचे नंबर दिसत होते, तिची तेवढी पाठ कोरी.

"गळ्याचा डाग गेलाय, नाही?" ही मला म्हणाली आणि तिथेच, पेटीवर बसून, हमसून हमसून रडली.